कडेचे डाग

आमचे हे माझ्याकडे टक लावून बघायला लागले, तेव्हा मला आधी वाटलं की माझ्या तोंडाला काहीतरी लागलंय. चहा पिताना बघायचे. मी केस विंचरत असले की दारात उभे राहून बघायचे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा असा बघायला लागला, की बाईला लाज येत नाही, संशय येतो.

"काय बघताय?"

"काही नाही."

"मग ते 'काही नाही' दुसरीकडे जाऊन बघा."

आमचा धंदा जुन्या आरशांचा. काळे पडलेले, डाग पडलेले आरसे लोक आणून देतात. हे मागचा जुना रंग खरवडतात, काच घासतात, आणि मी तिच्यावर नवा पारा चढवते. लोक अजून पाराच म्हणतात, असते ती चांदी. त्या आठवड्यात एका नाटकगृहाचा मोठा आरसा भिंतीला टेकून पडला होता आणि हे त्याला हात लावायला तयार नव्हते. आज नको, उद्या बघू, असं चाललं होतं. कामाला कधी नाही न म्हणणारा माणूस असा बसून राहिला की घरात बसवत नाही.

मग एका दुपारी कोपऱ्यावरचा काचवाला मोजपट्टी घेऊन आला आणि आमचं लांब टेबल मोजायला लागला.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"टेबल घेतोय ना मी. काका म्हणाले दुकान आवरतोय. तुम्हाला बोलले नाहीत?"

आरशाचा पारा उडतो, माझा चढतो. काचवाल्याला मी दारापर्यंत पोचवलं आणि यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. हे नखानं टेबलावरचा वाळलेला रंग काढायला लागले. मग बोलले.

चष्म्याचा नंबर बदलायला गेले होते, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घालून आतून तपासलं. म्हणाल्या, उजव्या डोळ्याच्या पडद्यावर कडेला काळे डाग आहेत, खाली थोडे फिकट चट्टे आहेत. अपायकारक काही नाही, कडेलाच आहेत, काळजी करू नका.

"मग?"

"मग काय? कडेलाच आहे, काळजी करू नका. हे वाक्य कुणाचं आहे, सांग."

ते वाक्य आमचं होतं. कुणी म्हातारी आपल्या आईचा आरसा घेऊन येते, कडेला दोन काळे ठिपके असतात, तिचा चेहरा एवढासा झालेला असतो. मग आम्ही म्हणतो, अहो, कडेलाच आहे, तोंड तर लख्ख दिसतंय, काळजी करू नका. ती हसत घरी जाते. आम्हाला मात्र ठाऊक असतं की कडेनं सुरू झालं ते मध्ये येणार. आज ठिपका, मग पट्टा, मग एक दिवस कपाळ दिसत नाही.

"तिनं मला गिऱ्हाईक समजून सांगितलं," हे म्हणाले. "मी ओळखलं."

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. हे आंधळे होणार, हा विचार मनात आला आणि जाईना. पण घाबरले की मी भांडते, हा माझा स्वभाव. चप्पल घातली आणि यांना घेऊन थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाची असेल. मी बसायच्या आधीच सुरू केलं.

"हे बघा, गोड बोलू नका. आम्हीही लोकांना असंच सांगतो."

"काय सांगता?"

मी सगळं सांगितलं. आरसा, म्हातारी, ठिपके, सगळं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. ऐकून घेतलं, यांच्या डोळ्यात थेंब घातले, आणि जरा वेळानं म्हणाली, "काकू, मी सांगून उपयोग नाही. तुम्हीच बघा."

यांना आडवं झोपवलं, खोलीतला दिवा बंद केला. तिच्या डोक्याला एक दिवा बांधलेला होता. त्याच्या बाजूला शिकाऊ डॉक्टरांना बघता यावं म्हणून एक लहान आरसा लावलेला होता. आरसाच! मी वाकून त्यात डोळा घातला. तिनं एक भिंग यांच्या डोळ्यावर धरलं. आधी नुसत्या पापण्या दिसल्या, मग अंधार, आणि मग एकदम सगळं उघडलं.

नारिंगी. एवढंच सुचलं मला. आतून पेटलेली, ओली, शांत नारिंगी जमीन, आणि तिच्यावर एका फिकट वाटोळ्या जागेतून निघून पसरत गेलेल्या तांबड्या शिरा. या माणसाबरोबर मी संसार केला, याचे मोजे शिवले, याच्या घोरण्यावर वैतागले, आणि याच्या आत हे एवढं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

"काका, खाली बघा," ती म्हणाली, आणि ती जमीन सावकाश सरकली. "इथे सगळं उलटं दिसतं बरं का, खालचं वर. आता कड आली."

कडेला कुणीतरी चालून गेलं होतं. चुलीच्या राखेतून, काजळीतून मांजर जावं आणि पांढऱ्या फरशीवर पावलं उमटावीत, तसे काळे ठिपके घोळक्याघोळक्यानं, लहान, मग मोठे, लांब लांब जाणारे.

"हे जन्मापासूनचे आहेत," ती म्हणाली. "काका आईच्या पोटात होते तेव्हा हा रंग असा बसला. तेव्हापासून आहेत तिथेच आहेत."

यांच्या आईनं यांचं तोंड बघायच्या आधी ही पावलं तिथे होती. मी भेटायच्या कितीतरी आधी. यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते या डागांसकट.

मग फिकट चट्टे दिसले, काळसर किनारीचे, जवळ जवळ बसवलेल्या फरश्यांसारखे. ते वयाचे, ती म्हणाली. तिथला थर विरळ झालाय, म्हणून मागचं पांढरं दिसतं. पुष्कळांना असतं आणि कुणाला कळतही नाही.

"कडेनंच सुरू होतं सगळं," हे झोपल्या जागेवरून म्हणाले. आवाज अगदी बारीक.

"काका, आरसा कडेनं का जातो?"

धंद्याचं विचारलं म्हटल्यावर हे जरा सावरले. "काच तिथे कापलेली असते ना. कापल्या जागी चांदी उघडी पडते. दमट हवा मागून शिरते आणि आत आत खात जाते."

"मग डोळा कुठे कापलाय?"

तिनं एका बारीक दांडीनं पापणीवरून हलकेच दाबलं आणि मला म्हणाली, "काकू, बघा, पडदा इथे संपतो." मी पाहिलं. नागमोडी, दातेरी कड होती, आणि ती कुठेही उघडी नव्हती. पुढच्या काळसर थराला ती अशी मिळालेली होती की जोड कुठे ते सांगता येऊ नये. आम्ही जन्मभर कडा रंगानं बंद करत आलो आणि अशी कड आम्हाला कधी जमली नाही.

"कापलेलं नाही हो," मी यांना म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना. "कुठेच कापलेलं नाही. मी बघितलं."

दिवा लागला. डॉक्टरीणबाई यांच्याजवळ बसली. "आणि घाबरायचं कशाला तेही सांगते. डोळ्यात विजा चमकल्यासारख्या झाल्या, अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला, किंवा बाजूनं पडदा सरकत आल्यासारखं वाटलं, तर हातातला चहा ठेवून इथे यायचं. ते दुखणं वेगळं. हे डाग म्हणजे ते नाही."

हे उठून बसले. "आता पटलं," म्हणाले. "गिऱ्हाइकाला आम्ही वाईट काय ते कधी सांगत नाही. तुम्ही सांगितलंत."

घरी येताना थेंबांमुळे यांना काही धड दिसत नव्हतं. माझा दंड धरून चालले होते. कोपऱ्यावर काचवाला भेटला. "टेबल द्यायचं नाही," हे म्हणाले, त्याच्याकडे म्हणून बघत, प्रत्यक्षात त्याच्या शेजारच्या खांबाकडे. मी हसू दाबलं.

दुसऱ्या दिवशी नाटकगृहाचा आरसा टेबलावर आडवा घेतला. यांनी काच घासून दिली, मी चांदीचं पाणी ओतलं. आधी ते तपकिरी, गढूळ झालं, नेहमीसारखं. मग तळातून चांदी वर यायला लागली. इतक्या वेळा पाहिलंय, तरी त्या क्षणाला मी वाकून बघतेच. मी धुऊन घेतलं आणि त्यात छत दिसलं, दिवा दिसला, आम्ही दोघं वाकलेले दिसलो.

हे आरशातून माझ्याकडे बघत होते.

"आता कशाला?" मी म्हणाले. "आता तर डोळे शाबूत आहेत."

"तेव्हा पाठ करत होतो," हे म्हणाले. "आता नुसतं बघतोय."