चॅपलमधली कुरकुरती पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझे झाकण शोधू नका, मला झाकण नाही. माझ्यावर फक्त उभे राहायचे असते. केंब्रिजच्या एका कॉलेजात चॅपल, म्हणजे छोटे प्रार्थनाघर आहे, तिथल्या गायकवृंदासमोर माझी जागा असते.

वृंदाचे गुरू डॉ. विंगेट चांगलेच ठेंगणे होते. ते हात उंचावून गाणे सुरू करून देत, तेव्हा मागच्या रांगेला त्यांचे टक्कल तेवढे दिसे. म्हणून कॉलेजचे सुतार ऑटवेकाका यांनी मोडक्या बाकाच्या फळ्यांतून मला घडवले. पहिल्या मैफलीत टाळ्या पडल्या, त्यातल्या थोड्या माझ्याही होत्या असे मी आजवर मानत आले आहे.

पुढे चॅपलमधल्या शेगडीच्या धगीने माझी एक फळी सैल झाली. हाताचा इशारा देताना डॉक्टर टाचा उचलत आणि मी 'कुईं' करी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. डॉक्टरांनी टाचा उचलणे सोडले नाही आणि मी कुरकुरणे. पोरे येत, पदवी घेऊन जात, नवी येत. आमचा संसार सुखाचा चालला होता.

मग डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांची शिष्या हेस्टर पॅलंटबाई माझ्यावर उभी राहिली. ठेंगणेपणात ती गुरूच्याही वरताण. नाताळाआधीची तिची पहिली मैफल, आणि पहिल्या रांगेत ऐकायला खुद्द डॉक्टर येणार होते. बिचारीने धसकाच घेतला होता.

"ऑटवेकाका, ही पेटी माझ्याआधीच गाते. हिचं तोंड बंद करा," ती म्हणाली.

काकांनी दोन स्क्रू आवळले आणि मी मुकी झाले. त्याच दुपारी शेवटची तालीम होती. पॅलंटबाईचा हात खाली आला. दोन मुली गायल्या, मुलगे मागून धावले आणि खर्जातली पोरे गायलीच नाहीत. पुन्हा तेच, पुन्हा तेच. बाई माझ्यावर मटकन बसली.

"डॉक्टरांच्या हाताखाली तुम्ही एका श्वासात गाणं उचलायचात. माझाच हात चुकतोय."

तिचा एक अश्रू माझ्या फळीवर पडला. मला फार वाईट वाटले. तेवढ्यात खर्जात गाणारा रुफस डोके खाजवत पुढे आला.

"मॅडम, रागावणार नसाल तर सांगतो."

"रागवायला अंगात त्राण कुठंय? बोल."

"आम्ही हाताकडे बघतच नाही. डॉक्टरांच्या वेळीही नाही बघितलं. डोळे कागदात असतात. पेटी कुरकुरली की गायचं, असं वरच्या वर्षातल्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलंय."

"डॉक्टरांना हे ठाऊक होतं?"

"छे! त्यांना वाटायचं, पोरांचं किती लक्ष आहे."

बाई रडता रडता हसू लागली. पण ऑटवेकाका हत्यारे घेऊन घरी गेले होते आणि दारात लोकांची रांग लागली होती.

संध्याकाळी चॅपल खच्चून भरले. गळ्यात लोकरी मफलर गुंडाळून डॉक्टर पुढेच बसले होते. बाई माझ्यावर चढली. सगळे डोळे कागदात. मी सारा जीव एकवटला, पण स्क्रू हलेनात. बाईने हात उंचावला, टाचा उचलल्या आणि स्वतःच्या तोंडाने हळूच म्हणाली, "कुईं."

सगळी डोकी झटकन वर आली. सगळे चेहरे हसरे, आणि त्याच क्षणी हात खाली आला. काय सांगू मित्रांनो! इतके एकजीव गाणे माझ्या पायाखालच्या फरशीनेही कधी ऐकले नसेल. डॉक्टर आधी गोंधळले, मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मफलरात हसू लपवले.

नंतर गरम वाइन पिताना ते म्हणाले, "हेस्टर, इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या हातात जादू आहे."

"होती की, सर. फक्त टाचेत होती."

दुसऱ्या दिवशी ऑटवेकाका स्क्रू काढायला आले, तर रुफस म्हणतो, "राहू द्या काका. मॅडमची कुईं जास्त सुरात आहे." मला जरा लागलेच ते. पण आता पोरे वर बघून गातात आणि बाई दर मैफलीत माझा आवाज काढते, याचा आनंद मोठा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू कुरकुरत असेल. तिला दुरुस्त जरूर करा, पण तिच्या आवाजावर कोणाचे काय चालले आहे, ते आधी विचारा. आणि हो, माझी दुसरी फळी आता हळूहळू सैल होऊ लागली आहे. ऑटवेकाकांना मात्र सांगू नका.