लाखोळीचं पाणी

ठमाबाईनं पातेल्यावर ताटली दाबून धरली आणि अंगणाच्या कडेला वाकून ती गरम पाणी सांडू लागली, तेवढ्यात बाजेवर बसलेले सुरेंद्र सर म्हणाले,

“थांबा, थांबा. कायचं पाणी फेकून राह्यल्या, ठमाबाई?”

तिचा हात थबकला. पातेल्यात लाखोळी होती. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान उभं असतानाच बी फेकून द्यायचं आणि विसरून जायचं, अशी ही डाळ. कुणी न जपता पिकते म्हणून कुणाला तिचं कौतुक नाही. विकायला सरकारची बंदी होती, पण खायला बंदी घालणार कोण? अर्ध्या गावाच्या चुली तिच्यावर चालायच्या. सासूनं शिकवलं होतं, लाखोळीवर उकळतं पाणी ओतायचं, झाकून ठेवायचं, ते पाणी फेकायचं आणि मगच शिजवायची. कशासाठी, ते सासूनं सांगितलं नव्हतं, आणि त्या बाईला उलट काही विचारायची ठमाबाईची छाती नव्हती. उग्र वास जात असेल, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं.

पण सर फौजेतून आलेले, नागभीडला पक्क्या घरात राहणारे. गावातल्या पोरांना ते भरतीसाठी फुकट तयार करत होते आणि आज पहिल्यांदा तिच्या अंगणात बसले होते. पोराच्या नोकरीचं बोलणं चाललेलं असताना आपल्या घरात लाखोळी शिजते हे सांगायची तिला लाज वाटली.

“हरभऱ्याचं,” ती म्हणाली.

“मंग फेकता काऊन? अख्खी ताकद त त्यातच उतरते.”

तिनं पातेलं सरळ केलं. तिचा नवरा इस्तारी भिंतीशी बसून मासे धरायचं जाळं सांधत होता. त्यानं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. तिचा पोरगा अमर, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्यानंही तोंड उघडलं नाही. घरातल्या तिघांनी ते खोटं मिळून गिळलं.

सर मोठ्या तळमळीनं सांगत होते. वनरक्षकाच्या भरतीत आधी धावायचं, मग जंगलाच्या सडकेनं तासन्‌तास चालायचं. त्याला अंगात दम पाहिजे. भात अर्ध्यावर आणा, भातानं सुस्ती येते. सकाळी उठल्याबरोबर भिजवणीचं पाणी. धावून आल्यावर जरा दमानं वाटीभर दाणे. संध्याकाळी व्यायामाच्या पुरेसं आधी खाणं, पोट भरलेलं ठेवून कधी पळायचं नाही.

“घड्याळ पाहून खायचं, बेटा. भूक पाहून नाई.”

त्यांनी सांगितलं त्यात काही चूक नव्हती. सगळं खरं होतं, हरभऱ्यासाठी.

अठ्ठ्याण्णवच्या त्या हिवाळ्यात ठमाबाईनं घरातली राहाटी पोराच्या पायांभोवती फिरवली. हरभरा आणायचं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण कणगी लाखोळीनं भरलेली होती, आणि दाणा तो दाणा, त्यात काय एवढा फरक, असं तिनं स्वतःला समजावलं. भाताचं ताट आटलं, लाखोळीची वाटी वाढली. पाणी तर ती थेंबभरही सांडू द्यायची नाही. अमर नाक मुरडून गटागटा प्यायचा आणि तलावाच्या पाळीवरून धुक्यात दिसेनासा व्हायचा.

आणि गुण आला! पोर काटक झालं, मांड्या भरल्या. महिन्याभरात तो सगळ्यांच्या पुढे पळू लागला. सरांनी मैदानावर सगळ्यांसमोर म्हटलं, “अमरच्या आईले विचारा ती काय खाऊ घालते ते.”

मग बायका विचारायला आल्या. पोचूची बायको सोमारी आली, जंगूची आली, पलीकडच्या मोहल्ल्यातल्या दोघी-तिघी आल्या. ठमाबाईला जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन फिरणारी बाई ती, तिला कोण कशाला विचारणार? ती हरखून गेली. या बायकांशी खोटं बोलायची गरजही नव्हती, त्यांच्याही कणग्यांत तेच होतं.

“आपलीच लाखोळी वो. सरायले सांगू नका फक्त. भात कमी करायचा, आन पाणी नाई फेकायचं, पाजायचं. बस.”

पौषात अमरच्या पोटऱ्या आखडू लागल्या. सकाळी उठताना पाय लाकडासारखे व्हायचे, मग चार पावलं चालल्यावर मोकळे व्हायचे. सरांनी वेळ बदलून पाहिली. धावण्याआधी पाणी पितोस म्हणून होते, नंतर पी. नंतर पिऊन झालं, तरी फरक पडेना. मग संध्याकाळचं खाणं अलीकडे आणलं, सकाळचं पलीकडे नेलं. स्नायू झिजले की भरून काढावे लागतात, दाणे वाढव, असंही एकदा ठरलं. प्रत्येक वेळी दोन-चार दिवस बरं वाटल्यासारखं व्हायचं. पाय जितके दुखत, तितकी ठमाबाई वाटी मोठी करत गेली. माया करायची तिला दुसरी रीत ठाऊक नव्हती.

एके सकाळी तिनं अंगण सारवलं आणि ते ओलं असतानाच अमर त्यावरून गेला. तिनं पोराला शिव्या घातल्या आणि पोतेरं घेऊन पुन्हा बसली. पावलं पुसता पुसता तिचा हात मंदावला. बोटं उमटली होती, चवडे उमटले होते. टाच कुठेच नव्हती. पार फाटकापर्यंत नव्हती.

“चवड्यावर चालते तो,” तिनं दुपारी सरांना गाठून सांगितलं.

सर खुश झाले. “धावणाऱ्याची चाल हाये ते! अंगात मुरली आता. बाकीचे पोट्टेही हळूहळू येऊन राह्यले तसेच.”

तिला हसता आलं नाही. सरांना एवढं कळतं, आपल्याला काय कळतं, असं म्हणत ती घरी आली, पण त्या दिवसापासून पोराच्या टाचांकडे पाहत राहिली.

शेजारची म्हातारी बायनाबाई विस्तव मागायला आली तेव्हा अमर दारातून बाहेर पडत होता. उंबरा ओलांडताना त्याचा एक पाय दुसऱ्यात अडकला. त्यानं चौकट धरली, स्वतःशीच हसला आणि गेला. बायनाबाई तो दिसेनासा होईस्तोवर पाहत राहिली.

“काय खाते वो हा?”

“लाखोळी.”

“भातासंगं?”

“भात थोडासाच. लाखोळीच जास्त.”

म्हातारी खाली बसली. “माह्या भावाचं असंच झालं होतं. त्या साली धान बुडालं, दोनी वक्त लाखोळीच खाल्ली घरानं. नांगर धरता धरता पाय आखडले त्याचे. मंग काठी आली, मंग बसूनच राह्यला जल्मभर.” तिनं ठमाबाईकडे वर पाहिलं. “तू पाणी त फेकतेस ना पण?”

“हो,” ठमाबाई म्हणाली. “फेकतो ना.”

विस्तव घेऊन बायनाबाई गेली, आणि ठमाबाई चुलीसमोर बसून राहिली. सासूनं जे सांगितलं नव्हतं ते तिला आज कळलं होतं. त्या संध्याकाळी तिनं अमरपुढे नुसत्या भाताचं ताट ठेवलं.

“भात काऊन वाढला?”

“आज भातच खा.”

“भरती आली तोंडावर, आन तू भात चारून राह्यली?”

“लाखोळी बाधते म्हणते बायनाबाई. पायाले.”

“बायनाबाई!” तो हसला. “दिवाळीपासून खाऊन राह्यलो मी. बाधाची असती त पह्यल्याच हप्त्यात नसती बाधली?” तो उठला, चुलीवरचं पातेलं स्वतः उतरवलं आणि वाटी भरून घेतली. इस्तारी म्हणाला, खाऊ दे त्याले, परीक्षा झाल्यावर पाहू. ठमाबाईनं पातेलं हिसकावून घ्यायला हवं होतं. तिनं घेतलं नाही. नोकरी तिलाही हवी होती.

दुसऱ्या दिवशी अमर पाळीवर पळता पळता तोंडावर पडला. ठेच नाही, खड्डा नाही. उठून उभा राहिला तर गुडघे एकमेकांना घासू लागले. सर स्वतः त्याला आणि ठमाबाईला घेऊन यष्टीनं तालुक्याच्या दवाखान्यात गेले. वाटेत ते अमरला धीर देत होते, मीठ कमी पडलं असेल, पाणी कमी पडलं असेल. ठमाबाई खिडकीबाहेर पाहत होती.

डॉक्टर तरुण होता. त्यानं छोट्या हातोडीनं अमरच्या गुडघ्यावर टिचकी मारल्यासारखं केलं आणि पाय लाथ मारावी तसा उडाला. दुसराही तसाच उडाला. त्यानं अमरला उभं केलं.

“टाचा टेकव.”

“धावणारा माणूस टाचा कायले टेकवते, डॉक्टरसाहेब?” अमर हसत म्हणाला. मग त्यानं प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. टाचा खाली आल्या नाहीत.

“खातो काय हा?”

सरच बोलले. “खाण्याचं एकदम बरोबर हाये, डॉक्टरसाहेब. मीच लावून देल्लं. भात कमी, हरभरा जास्त, सगळं टायमावर.”

“हरभरा,” अमरही म्हणाला. त्यानं आईकडे पाहिलं नाही.

डॉक्टरनं मान डोलावली आणि चिठ्ठीवर ताकदीच्या गोळ्या लिहायला घेतल्या. ठमाबाईला वाटलं, लिहू दे. गोळ्या घेऊ, घरी जाऊ, आजपासून हरभरा आणू, कुणाला काही कळायचं कारण नाही. सर अजून तिच्याकडे आदरानं पाहत होते.

“हरभरा नाई तो,” ती म्हणाली. “लाखोळी हाये. पाण्यासंगट.”

पेन थांबलं. “कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

सरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर धरून बसले. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“सोमवारी भरती हाये, सर,” अमर डॉक्टरला म्हणाला. “तवरिक मोकळे होतीन ना पाय?”

“आजपासून त्यातला एक दाणा नाही,” डॉक्टर म्हणाला. “नागपूरला मोठ्या दवाखान्यात दाखवा. आहे एवढ्यावर थांबलं तर नशीब म्हणायचं.”

“पण सोमवारी…”

अमर अजून उभाच होता, टेबलाची कड धरून, चवड्यांवर.

डॉक्टरनं आधीची चिठ्ठी फाडली आणि दुसरी घेतली. “घरात आणखी कोण खातं असं? पाण्यासकट?”

“घरात कोनी नाई.”

“बरं.” तो लिहू लागला. दारातून पुढचा पेशंट डोकावला. ठमाबाई जागची हलली नाही.

“गावात खातेत,” ती म्हणाली. “मीच सांगतलं त्यायले.”

डॉक्टरनं मान वर केली. सरांनीही केली. मैदानावर चवड्यांवर धावणारी पोरं त्यांच्या डोळ्यांसमोर आली असावीत, कारण त्यांचा चेहरा एकाएकी उतरला.

“नावं सांगा,” डॉक्टर म्हणाला.

तिनं पदर सारखा केला आणि सोमारीच्या पोरापासून सुरुवात केली.