आधी ताडपत्री, मग हात

धक्क्यावरचा वॉचमन माझ्या वेल्डिंगच्या दुकानात धावत आला तेव्हा मी लोखंडी पट्टी कापत होतो. भर दुपार होती. मशीनच्या आवाजात त्याचं अर्धं बोलणं मला ऐकूच आलं नाही.

"काय म्हणालास?"

"तुझी बायको गेली रे. पाण्यातून काढली आम्ही. तिच्या भावानंच डोक्यात पहार घातली. अजून होडी फोडतोय तो. जवळ जायची कुणाची छाती होईना."

मी हातातल्या पट्टीसकट निघालो.

नदी ओलांडायला दोनच होड्या होत्या. मेहुण्याची डिझेलवर चालायची. बायकोच्या होडीच्या छपरावर मी सोलर पॅनेलच्या दोन रांगा बसवून दिल्या होत्या. धूर नाही, आवाज नाही, म्हणून लोक तिच्याकडे वळले. मेहुणा सगळ्यांसमोर म्हणायचा, "ताई, ढग आला की काय करणार? फुंकर मारणार?" ती म्हणायची, "तू तुझा धूर आवर, ऊन आपोआप पडेल." लोक हसायचे. तो हसत नसे. पण पाठचा भाऊ होता. मनावर कोण घेतं?

ती धक्क्यावर आडवी होती. तोंडावर कुणीतरी टाकलेला टॉवेल लाल झाला होता. सासूबाई उशाशी बसल्या होत्या. मी थांबलो नाही.

मेहुणा छपरावर होता. एका रांगेचा त्याने चुरा केला होता. बॅटरीच्या तारा तोडल्या होत्या आणि आता दुसरी रांग उपटून नदीत टाकायला निघाला होता. बॅटरी तोडली म्हणजे सगळं मेलं, असं त्याला वाटलं. डिझेलवाल्याला तसंच वाटणार. इंजिन बंद की सगळं बंद. पण ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारेत करंट असतोच. म्हणून बायको तारेला हात लावण्याआधी पॅनेल झाकायची. "आधी ताडपत्री, मग हात," असं मलाही दरडावायची.

त्याने घामेजल्या हातांनी दोन्ही तारा धरून हिसडल्या. निळा जाळ उठला. मुठी आवळल्या त्या सुटेनात. तोंड उघडं, पण आवाज नाही, नुसती घरघर. मांस जळल्याचा वास खालपर्यंत आला.

मी छपरावर चढलो. ताडपत्री माझ्या पायाशी होती. त्याची बोटं काळी पडताना मी बघत उभा राहिलो.

"जळ," मी म्हणालो.

खालून सासूबाई ओरडल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत लेकीच्या रक्ताने भरले होते. "जावईबापू, सोडवा त्याला! मेला तर मी जाब कुणाला विचारू?"

मी ताडपत्री पॅनेलवर फेकली. मुठी सुटल्या आणि तो उताणा पडला. ज्या हाताने त्याने पहार मारली होती, त्या हातावर मी लोखंडी पट्टी घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. मी पुन्हा घातली. वॉचमनने मला मागून कव घालून ओढलं तेव्हा थांबलो. सासूबाई खालून बघत होत्या.

तो तुरुंगात आहे. हात कापावा लागला. सासूबाई भेटीला जातात, एकच प्रश्न विचारतात आणि उत्तर न घेता परत येतात.

होडी धक्क्याला बांधून ठेवली आहे. एक रांग धड आहे. बॅटरीच्या तारा जोडल्या तर चालेल. ताडपत्री मी फेकली तशीच वर पडून आहे. त्या तारा मी अजून जोडलेल्या नाहीत.