एकदाच सांगणारं फंक्शन

धाकटा मेहुणा त्याच ऑफिसात लागल्यापासून सगळं ऑफिस त्यांना भावजीच म्हणू लागलं. नोकरी त्याला भावजींनीच लावून दिली होती. हा उपकार त्यांनी मनात जमेच्या बाजूला मांडून ठेवला होता. परतफेडीची त्यांना घाई नव्हती. विसर पडलेला मात्र खपत नसे.

लिफ्टच्या दुरुस्तीची पुस्तकं तयार करणं हे ऑफिसचं काम. मजकूर एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणा घालून, साठवलेला; त्याची छापील पानं करायची स्टाइलशीटने, म्हणजे मांडणीच्या नियमांच्या फाइलने. स्टाइलशीटला जे जमत नाही, त्यासाठी बाहेर वेगळं फंक्शन, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहून तिला जोडायचं. भावजींनी लिहिलेलं फंक्शन इशाऱ्यांचं होतं. 'वीज बंद केल्याशिवाय हात लावू नका' हे पहिल्यांदा आलं की पूर्ण छापायचं, पुढे नुसता धोक्याचा त्रिकोण. आधी छापलंय का, हे फंक्शन स्वतःच लक्षात ठेवायचं. त्यामुळे कितीतरी कागद वाचला होता. नवा माणूस आला की त्याला चहा विचारायच्या आधी भावजी हे फंक्शन दाखवत.

मेहुण्याने स्टाइलशीट चालवणारं नवं इंजिन कॉम्प्युटरवर बसवलं आणि छपाईला निघालेल्या पुस्तकात भलतंच झालं. पहिल्या प्रकरणात नुसता त्रिकोण, आणि पूर्ण इशारा पार शेवटी, तेल बदलण्याच्या प्रकरणात! साहेबांना जेवणाआधी उत्तर हवं होतं: इंजिन जुनंच आणायचं, की फंक्शन काढायचं?

"पुस्तक पहिल्या पानापासून सुरू होतं, एवढंही कळत नाही तुझ्या इंजिनाला?" भावजी म्हणाले.

"ते सगळी प्रकरणं एकदम करायला घेतं, भावजी. जे प्रकरण आधी विचारेल त्याला तुमचं फंक्शन सगळं सांगतं आणि मोकळं होतं. बाकीच्यांची त्रिकोणावर बोळवण."

"जुनं इंजिन शिस्तीचं होतं."

"ते ओळीने जायचं, हे आपलं नशीब होतं. फंक्शनने मागचं लक्षात ठेवायचंच नसतं. प्रश्न तोच, तर उत्तरही तेच."

"शिकव, मलाच शिकव आता!"

तेवढ्यात भावजींचा फोन वाजला. घरून बायको होती, आणि आवाज चढलेला.

"अहो, गिझरच्या नळाचा झटका बसतोय! हात झिणझिणतोय माझा. माहीत होतं तुम्हाला?"

"सकाळी लेकीला सांगितलं होतं की मी."

"ती गेली कॉलेजला. आंघोळीला मी गेले! तिला सांगितलं म्हणजे मला कळलं का? बरं, माझा भाऊ आहे ना तिथे? संध्याकाळी तो आपल्याकडेच येणार आहे; त्याला तरी सांगितलंत, की त्यालाही लेकीनेच सांगायचं?"

"आधी मेन स्विच बंद कर," भावजी म्हणाले. पुन्हा म्हणाले. तिने बंद केल्याचं सांगितल्यावरच त्यांनी फोन ठेवला.

मेहुण्याला अर्धं ऐकू गेलं होतं. जावई चिडले की गप्प राहावं, एवढं तो घरीच शिकला होता. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "भावजी, फंक्शन वाचवता येईल. लक्षात ठेवण्याऐवजी त्याने मजकुरातच बघायचं, आपल्या आधी हा इशारा कुठे आहे का. मग पहिला तो पहिलाच राहील."

उपाय चोख होता. फंक्शनही राहत होतं, इंजिनही. भावजींनी छापलेला नमुना ओढला आणि दाराच्या स्प्रिंगचं पान उघडलं. दार अडकलंय म्हणून खाली लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला दुरुस्तीचा माणूस हेच पान उघडणार. पहिलं प्रकरण वर बॅगेत राहणार. पानावर त्रिकोण होता, अगदी नीटनेटका.

"पुस्तकाचं पहिलं पान वेगळं," ते म्हणाले, "आणि खड्ड्यातल्या माणसाचं पहिलं पान वेगळं."

स्टाइलशीट उघडून त्यांनी फंक्शनला बोलावणारी ओळ काढून टाकली. इशारा जिथे आहे तिथे पूर्ण. पुस्तक चांगलंच फुगलं.

"साहेब कागदाचा हिशेब विचारतील," मेहुणा म्हणाला. "मी येऊ का बरोबर?"

"ये. पण बोलणार मी." दारापाशी भावजी थांबले. "आणि साहेब फोनवर असले, तर फोन संपल्यावर पहिल्यापासून पुन्हा सांगणार."