पलंगाची मोटार

"टॉर्च नीट धर," पलंगाखालून आवाज आला.

"आणखी किती नीट? वरून मला काही दिसतं का?" हात खाली सोडून मी म्हटलं.

नट सुटला. माझ्या पलंगाची डोक्याकडची बाजू वर करणारी मोटार ह्यांनी बाहेर काढली. हातभर लांब नळी. बटण दाबलं की तिच्यातून दांडा सरकत पुढे येतो. तिच्यावर ॲक्च्युएटर असं लिहिलंय, घरात आम्ही मोटारच म्हणतो. कमरेखाली लुळी पडल्यापासून मी तिच्याच जोरावर उठून बसत होते, जेवत होते, खिडकीतून दिसेल त्याला नावं ठेवत होते.

हे बागेत गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर चालवतात. त्याच्या पोटाखाली पात्यांची जड पेटी असते. पायवाट आली, कडेचा दगड आला, की लिव्हर ओढून ती उचलायची. उजवा खांदा कामातून गेल्यापासून हे सीटवर आडवे होऊन डाव्या हाताने ओढत. एकदा पेटी वेळेवर उचलली गेली नाही आणि पातं दगडावर आपटलं. बागेचा मॅनेजर म्हणाला, "जमत नसेल तर उतरा मिस्त्री, झाडू घ्या." उभा जन्म त्या सीटवर गेलेला माणूस. तेव्हापासून माझ्याशी बोलताना ह्यांची नजर पलंगाखाली जायला लागली.

"नवी मिळेपर्यंतच गं," ते म्हणाले.

"कळतंय मला. न्या."

ट्रॅक्टरच्या एका बॅटरीवर मोटार रडतखडत चालली, म्हणून सीटखाली दुसरी जोडली. आधी त्यांनी दांडा बोल्टने थेट पेटीला पक्का केला. पेटी जागच्या जागी अशी घट्ट बसली की जिथे उंचवटा आला तिथलं गवत मुळासकट खरवडून निघालं. मग मध्ये साखळी घातली. का, ते माझ्या ताटाला नाडी बांधून दाखवलं.

"हे बघ, ओढली की ताट उचललं. सोडली की नाडी ढिली, ताट आपलं चढउतार बघून वरखाली होतंय. साखळी उचलते, पण दाबून धरत नाही."

"तुमच्या आईच्या अगदी उलट," मी म्हटलं.

हे पोट धरून हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

मॅनेजर बघायला आला. स्वतः सीटवर बसून त्याने अंगठ्याने बटण दाबलं. पेटी वर, पेटी खाली. "शाबास मिस्त्री! आता यात ताकद कुठे लागते? कुणीही चालवेल." तो कुणीही त्याच्या घरातच रिकामा बसला होता, बायकोचा भाऊ. दुसऱ्याच दिवशी मेहुणा सीटवर, आणि ह्यांच्या हातात झाडू. माणूस आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो. ह्यांनी तो माझ्या पलंगातून काढून नेला होता.

"मोटार परत आणा," मी म्हटलं.

"मागितली. म्हणाला, गाडीला बसवली, ती गाडीची झाली."

"आणि तुम्ही काय, मिठाची गुळणी धरून उभे?"

"म्हणाला, काढलीत तर झाडूसुद्धा मिळणार नाही."

मला मॅनेजरचा राग आला, मेहुण्याचा आला, आणि खोटं कशाला बोलू, ह्यांचा सगळ्यात जास्त आला. माझं बसणं नेऊन त्या ऐतखाऊच्या अंगठ्याखाली ठेवून आले होते. तसं मी तोंडावर बोलले.

जेवायची वेळ झाली. उशा लावल्या, त्या घसरल्या. डाव्या हाताने ओढून त्यांनी मला कसंबसं बसतं केलं आणि स्वतः माझ्या पाठीला पाठ लावून मागे बसले. माझं ताट माझ्या मांडीवर, त्यांचं त्यांच्या. तोंडं दोन दिशांना.

मी चार घास खाल्ले. मागून ताटाचा आवाज येईना.

"जेवताय ना?"

"तू खा," ते म्हणाले. "मी हललो तर तू पडशील."