एक वाफ

आठवीपर्यंत वर्गात उत्तर द्यायला उभी राहिले की माझे हात कापायचे. नववीत मात्र मी सगळ्यांसमोर ठणकावलं, "मोड नीट काढले ना, की कच्चे मूगसुद्धा मऊ लागतात. तुम्हाला जमत नाही, त्याला मी काय करू?"

विज्ञान प्रदर्शनासाठी माझा प्रयोगच तो होता. दूध-तूप बंद. पंधरा दिवस सगळं शिजवलेलं, पंधरा दिवस सगळं कच्चं. आणि रोज कोपरच्या आमच्या बिल्डिंगचे चार मजले पळत चढून वेळ लिहायची. संध्याकाळी मी मूग, बीट, गाजर काट्यावर तोलून ठेवायचे, सकाळी आई डबा भरायची. कच्च्यात माझे चक्क सहा सेकंद कमी झाले! पोट एकदाही दुखलं नाही. विज्ञानाचे देवेश सर म्हणाले, "क्षिप्रा, स्टेजवर तूच बोलायचं."

कच्च्याच्या पंधराव्या दिवशी आई खडवलीला मावशीकडे गेलेली. डबा मीच भरला. मूग उग्र, कचकचीत. दुपारी पोटात हा गोळा! मी घरी येऊन फोन लावला.

"आई, मूग असे का लागतायत?"

"अगं, वाफ नाही काढलीस ना. मी रोज काढते. एकच हं."

"रोज?"

"कच्चं बाधतं गं. त्यात तू जिने पळतेस."

"आणि बीट?"

"दोन शिट्ट्या."

"गाजर?"

"गाजर कच्चंच होतं. देवाशप्पथ!"

मला जराही हसू आलं नाही. "उद्या प्रदर्शन आहे, आई. मी काय सांगू?"

"सांगायचं कशाला? कुणाला कळणारे?"

दुसरीत असताना वर्गातल्या शिवानीचा खोडरबर चुकून घरी आला, तर मला तिच्या दारात उभं करून माफी मागायला लावणारी हीच बाई.

स्टेजवर मी तक्त्यावरचं 'कच्चं' खोडलं आणि 'वाफवलेलं' लिहिलं. हात परत कापत होते, आवाज नाही. "माझा निष्कर्ष चुकलाय. मी रोज तोललं, पण डबा भरताना बघितलं नाही. आई मला न सांगता शिजवत होती."

हॉल खो-खो हसला. पहिल्या रांगेत आई ओढणीचं टोक पिळत बसलेली.

सरांनी कच्चे पंधरा दिवस पुन्हा करायला सांगितलेत. सोमवारी आईने डबा पुढे केला.

"आजचे अगदी कच्चे. बघ."

मी तिच्यासमोरच एक दाणा दाताखाली धरला. कर्रकन वाजला.

तरी दुसराही चावून बघितला.