सदतीस लाल ओळी

"सदतीस खोडल्या, नऊ लिहिल्या. झालं सोपं," सून संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाली.

सासूबाई मटार सोलायचं निमित्त करून तिच्या पाठीशीच बसल्या होत्या. शाळा चौथीपर्यंतच, पण लाल म्हणजे खोडलेलं, हे त्यांनी आठवड्यात ओळखलं होतं.

"कोणाच्या गं ओळी?"

"तुमच्या लेकाच्याच."

सासूबाईंचा हात थांबला. तीन वर्षांपूर्वी ताट गार करून लिहिलेल्या त्या ओळी, आणि ही मारे खोडतेय.

"काय काम करतात त्या?"

"एका मोठ्या यंत्रात बरीच आभासी यंत्रं चालतात, आई. सुरू होताना प्रत्येकाला मेमरीत जागा लागते, बफर म्हणतात. ती मागायची, पुसायची, अडलं तर परत करायची, सगळं यांनी हातानं लिहिलं होतं. आता एका ओळीत होतं."

"मग तेव्हा तो काय वेडा होता?"

"तेव्हा ही सोय नव्हती."

उत्तर जरा जास्तच पटकन आलं. वर एका लाल ओळीपाशी सुनेचा हात अडखळला आणि तिनं ती भराभर वर सरकवली.

"काय झाकलंस?"

"कुठे काय?"

सासूबाईंनी पलीकडच्या खोलीतून लेकाला हाक मारली. "ये, बघ. तुझं नाक कापायचं चाललंय इथे."

तो आला. उभ्यानंच वाचलं. मग नेमकी तीच ओळ खाली आणली.

"या एका ठिकाणी मी जागा परतच केली नव्हती," तो म्हणाला. "यंत्र सुरू होता होता अडकलं की ती कायमची अडकायची. आणि तू बदलासोबतच्या चिठ्ठीत नुसतं 'सोपं केलं' लिहिलंयस?"

"ती चिठ्ठी जगभर वाचतात," सून हळूच म्हणाली. "दुरुस्ती तर झालीच आहे."

आता सासूबाईंना उमगलं. ही नाक कापत नव्हती, त्याची चूक झाकत होती. त्यांचा सूर क्षणात फिरला. "मग राहू दे ना झाकलेलं. बाहेर कशाला दवंडी?"

"जुनंच वापरणाऱ्यांना कसं कळणार, आई? सरक गं जरा."

सून उठली. त्यानं बसून चिठ्ठीत तीन ओळी लिहिल्या.

"वाच," सासूबाई म्हणाल्या.

"माझ्या कामात चूक होती. अडलं की जागा परत होत नव्हती. इथे ती दुरुस्त झाली."

"आणि खाली?"

"माझं नाव."

अक्षरं इंग्रजी, सासूबाईंना परकी होती. "कुठलं ते दाखव."

त्यानं दाखवलं. सासूबाईंनी त्या नावावर बोट टेकवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.